विश्लेषण: संगणकाचा ‘परफॉर्मन्स स्कोअर’ चुकतो कसा? एका मशीनचे गुण दुसऱ्याच्या नावावर का लागतात?

विंडोज १० ची मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच्या वाढीव अपडेटचा पर्याय मायक्रोसॉफ्टने दिला, पण अनेक कंपन्यांनी आणि संस्थांनी जुनी मशीन काढून टाकायला सुरुवात केली. यातली बरीच मशीन भंगारात जात नाहीत. ती पुसूनपासून, नव्यानं विंडोज टाकून ‘रिफर्बिश्ड’ म्हणून पुन्हा विकली जातात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून दिल्लीच्या नेहरू प्लेसपर्यंत आणि ऑनलाइन दुकानांतही हा बाजार आहे.

कॉलेजला जाणारी मुलं, छोटी दुकानं, क्लासेस आणि शाळांच्या संगणक लॅब हे या बाजाराचे मोठे ग्राहक. त्यांच्यासमोर बऱ्याचदा एखादा आकडा ठेवला जातो, ‘या मशीनचा स्कोअर इतका आहे.’ हा आकडा ज्या मशीनसमोर ग्राहक उभा आहे, त्याच मशीनचा आहे का? अनेकदा नसतो. तो चुकण्याचं एक मोठं कारण सुरुवातीलाच घडतं, संगणकाची ‘इमेज’ तयार होत असताना.

‘सिस्टम इमेज’ म्हणजे नेमकं काय?

समजा, एखाद्या लॅबमध्ये ४० संगणक बसवायचे आहेत. प्रत्येकावर वेगळं विंडोज टाकायचं, मग ड्रायव्हर, ऑफिस, अँटिव्हायरस, मराठी फॉन्ट बसवायचे म्हटलं तर आठवडा जाईल. म्हणून तंत्रज्ञ एकच मशीन पूर्ण तयार करतात आणि त्याच्या संपूर्ण डिस्कची हुबेहूब नक्कल काढून ती बाकीच्या ३९ मशीनवर उतरवतात. या नकलेला ‘इमेज’ म्हणतात. जुने तंत्रज्ञ याला आजही ‘घोस्ट करणं’ म्हणतात. एकेकाळी या कामासाठी ‘नॉर्टन घोस्ट’ हे सॉफ्टवेअर घरोघरी वापरलं जायचं, तेव्हापासून हा शब्द रुळला.

यात गैर काही नाही. मोठ्या कंपन्यासुद्धा असंच करतात. फक्त मूळ मशीनची ओळख पुसणं गरजेचं असतं. त्यासाठी मायक्रोसॉफ्टचं ‘सिसप्रेप’ नावाचं साधन विंडोजमध्येच असतं. त्यातला ‘जनरलाइझ’ हा पर्याय संगणकाची अंतर्गत ओळख आणि त्या विशिष्ट हार्डवेअरशी जोडलेली माहिती काढून टाकतो. ही पायरी न करता काढलेली इमेज दुसऱ्या मशीनवर टाकायला मायक्रोसॉफ्टची मान्यता नाही. पण घाईत, विशेषतः छोट्या दुकानांत, डिस्कवरून डिस्कवर थेट नक्कल काढली जाते. मग मूळ मशीनचं जे काही होतं ते सगळं नव्या मशीनवर येतं, आणि त्यात त्याचे गुणही आले.

हा स्कोअर येतो कुठून?

विंडोज व्हिस्टा जानेवारी २००७ मध्ये सर्वसामान्यांसाठी बाजारात आलं आणि त्यासोबत ‘विंडोज एक्स्पीरियन्स इंडेक्स’ आला. संगणक किती दमदार आहे हे सामान्य माणसाला एका आकड्यात कळावं, हा त्यामागचा हेतू. प्रोसेसर, रॅम, डेस्कटॉप ग्राफिक्स, गेमिंग ग्राफिक्स आणि मुख्य हार्ड डिस्क अशा पाच भागांना वेगवेगळे गुण मिळायचे.

सुरुवात १.० पासून व्हायची. कमाल मर्यादा मात्र दर आवृत्तीत वाढत गेली. व्हिस्टात ती ५.९ होती, विंडोज ७ मध्ये ७.९ आणि विंडोज ८ मध्ये ९.९. म्हणजे ५.९ गुण मिळवलेलं मशीन व्हिस्टात पहिल्या क्रमांकाचं आणि विंडोज ८ मध्ये मध्यम. कोणत्या विंडोजवर मोजलं हे सांगितल्याशिवाय त्या आकड्याला अर्थच उरत नाही.

आणखी एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. अंतिम गुण ही पाच गुणांची सरासरी नसते, तर त्यातला सर्वात कमी गुण असतो. प्रोसेसरला ७.२ मिळाले आणि ग्राफिक्सला ४.४, तर मशीनचा अंतिम गुण ४.४. त्यामुळे पाचपैकी एक मोजणी जरी चुकली, तरी संपूर्ण मशीनचा निकाल बदलू शकतो.

ही मोजणी करणारं साधन म्हणजे ‘विनसॅट’, म्हणजे विंडोज सिस्टम असेसमेंट टूल. ते प्रत्येक भागावर छोट्या चाचण्या चालवतं आणि निकाल विंडोजच्या ‘परफॉर्मन्स’ फोल्डरमधल्या ‘विनसॅट’ आणि त्यातल्या ‘डेटास्टोअर’ या फोल्डरमध्ये एक्सएमएल फाइलच्या रूपात ठेवतं. विंडोज ८.१ पासून (ऑक्टोबर २०१३) हा स्कोअर पडद्यावरून गायब झाला. मात्र विनसॅट आत तसंच राहिलं आणि विंडोज १० मध्येही ते चालतं. इंटरनेटवर फिरणारी ‘स्कोअर दाखवा’ छापाची छोटी सॉफ्टवेअर बहुतेक वेळा याच फाइलमधला आकडा वाचून दाखवतात.

थोडक्यात, गुणपत्रिका डिस्कवर असते. डिस्कची नक्कल निघाली की गुणपत्रिकेचीही झेरॉक्स निघते.

मग इमेज तयार करताना आकडा चुकतो का?

यामागे एक व्यावहारिक अडचण होती. व्हिस्टाच्या काळात नवा संगणक पहिल्यांदा सुरू केला की ‘विंडोज तुमच्या संगणकाची कामगिरी तपासत आहे’ अशा अर्थाचा संदेश यायचा आणि ग्राहकाला काही मिनिटं ताटकळावं लागायचं. हा वेळ वाचवण्यासाठी विंडोज ७ मध्ये ‘प्रीपॉप’ ही सोय आली. संगणक बनवणारी कंपनी कारखान्यातच एका नमुना मशीनवर मोजणी करते आणि निकालाच्या फाइल इमेजमध्ये भरून ठेवते. त्याच बनावटीच्या बाकी मशीनवर मग पुन्हा चाचणीची गरज पडत नाही.

शितावरून भाताची परीक्षा होते हे खरंच. पण भात एकाच पातेल्यातला असला पाहिजे. इथे गडबड होते ती पुढील कारणांनी.

१. नमुना मशीन वेगळंच असतं. एकाच मॉडेलच्या नावाखाली कधी ४ जीबी रॅम असते, कधी ८ जीबी. कधी हार्ड डिस्क असते, कधी एसएसडी. नमुना ८ जीबी आणि एसएसडीचा असेल, तर बाकीच्यांना मिळालेले गुण त्यांचे स्वतःचे नसतात.

२. इमेज व्हर्च्युअल मशीनवर बनवलेली असते. अनेक तंत्रज्ञ सोयीसाठी संगणकाच्या आत ‘आभासी संगणक’ चालवून त्यात इमेज तयार करतात. इमेज तयार करायला ही पद्धत चांगली आहे, पण गुण मोजायला नाही. तिथलं ग्राफिक्स कार्ड आणि डिस्क खरी नसतेच.

३. ग्राफिक्सचा ड्रायव्हर बसवलेला नसतो. योग्य ड्रायव्हरऐवजी विंडोजचा साधा व्हीजीए ड्रायव्हर चालू असताना चाचणी घेतली, तर चांगल्या कार्डालाही १.० गुण मिळू शकतात. आणि अंतिम गुण सर्वात कमी गुणावर ठरत असल्यामुळे संपूर्ण मशीन १.० वर येतं.

४. चाचणीच्या वेळी मशीन दुसऱ्याच कामात गुंतलेलं असतं. मागे अपडेट उतरत आहे, अँटिव्हायरस डिस्क चाळत आहे, नवीन फाइलची सूची बनत आहे. अशा वेळी डिस्क आणि प्रोसेसरचे गुण पडतात.

५. विजेची आणि उष्णतेची परिस्थिती बरोबर नसते. लॅपटॉप बॅटरीवर असताना विनसॅट पूर्ण चाचणी घ्यायलाच नकार देतं. चार्जर लावला पण ‘पॉवर सेव्हर’ चालू राहिलं, किंवा पंख्यात धूळ साचून प्रोसेसर तापला, तर वेग आपोआप कमी होतो आणि गुणही कमी येतात.

६. दुसऱ्या संगणकावरून रिमोट डेस्कटॉपने जोडून चाचणी चालवण्याचा प्रयत्न होतो. विनसॅट अशा जोडणीवर चालत नाही. मग नवीन निकाल तयार होत नाही आणि फोल्डरमध्ये पडलेला जुनाच निकाल खरा मानला जातो.

स्कोअर चुकला तर बिघडतं काय?

‘आकडाच तो, त्यानं काय होतंय,’ असं वाटू शकतं. पण विंडोज स्वतः या मोजणीवर काही निर्णय घेतं. विंडोज ७ मध्ये खिडक्यांच्या पारदर्शक कडांचा ‘एअरो’ देखावा चालू ठेवायचा की नाही, हे ग्राफिक्सच्या मोजणीवरून ठरायचं. डिस्क वेगवान एसएसडी आहे असं दिसलं, तर ठरावीक वेळानं होणारं डीफ्रॅगमेंटेशन आणि फाइल आधीच उचलून ठेवणारं ‘सुपरफेच’ बंद केलं जायचं. एसएसडीला त्यांचा फारसा उपयोग नसतो आणि विनाकारण लिहिण्यानं तिचं आयुष्य कमी होतं.

जुन्या हार्ड डिस्कवरची इमेज नव्या एसएसडीवर उतरवली की याचा प्रत्यय येतो. आज जुना लॅपटॉप वेगवान करण्याचा हा सर्वात लोकप्रिय उपाय आहे. पण निकालाची फाइल जुन्या डिस्कचीच राहते आणि काही वेळा विंडोज नव्या एसएसडीला ‘हार्ड डिस्क’ समजत राहतं. ‘ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज’च्या खिडकीत डिस्कचा प्रकार चुकीचा दिसतो. विनसॅटची चाचणी नव्यानं घेतली की बहुतेक वेळा ही चूक दुरुस्त होते.

दुसरं नुकसान थेट पैशाचं आहे. २० संगणकांची लॅब उभी करणारी शाळा नमुना म्हणून दाखवलेल्या एका मशीनचा आकडा पाहून बाकी १९ घेते. सहा महिन्यांनी ‘तीन नंबरचं मशीन फार हळू चालतं’ अशी तक्रार येते, तेव्हा कागदावर सगळ्या मशीनचे गुण सारखेच असतात.

असा वाद कोर्टात गेला आहे का?

संगणकावरच्या शिक्क्याचा वाद गेला आहे. व्हिस्टा येण्याआधी, २००६ मध्ये, विक्रीला असलेल्या संगणकांवर ‘विंडोज व्हिस्टा केपेबल’ असं स्टिकर लावलं जात होतं. त्यातल्या अनेक मशीनवर व्हिस्टाची फक्त सर्वात साधी आवृत्ती नीट चालत होती. ज्या देखाव्याची जाहिरात झाली, तो ‘एअरो’ इंटेलच्या ९१५ चिपसेटच्या मशीनवर चालत नव्हता, तरी त्यांनाही हे स्टिकर मिळालं होतं.

अमेरिकेत सिएटलच्या संघीय न्यायालयात २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टविरुद्ध ग्राहकांनी दावा केला. फेब्रुवारी २००८ मध्ये त्याला सामूहिक दाव्याचा दर्जा मिळाला आणि वर्षभरानं, फेब्रुवारी २००९ मध्ये, तो दर्जा काढून घेण्यात आला. पण खटल्यात कंपनीचे अंतर्गत ईमेल उघड झाले आणि स्टिकरचे निकष सैल केल्याबद्दल कंपनीतल्याच अधिकाऱ्यांची नाराजी जगासमोर आली.

मोबाइलच्या बाजारातही हे घडलं. सॅमसंगच्या गॅलेक्सी एस ४ फोनमध्ये चाचणीचं ॲप ओळखून तेवढ्यापुरता वेग वाढवला जातो, असा आरोप २०१३ मध्ये झाला. अमेरिकेतल्या सामूहिक दाव्यात २०१९ मध्ये १ कोटी ३४ लाख डॉलरची तडजोड झाली. मार्च २०२२ मध्ये ‘गीकबेंच’ या चाचणी ॲपनं गॅलेक्सी एस १० पासून एस २२ पर्यंतच्या मालिकांमधले फोन आपल्या यादीतून काढले. गेम आणि इतर ॲपचा वेग कमी करणारी फोनमधली सेवा चाचणी ॲपला मात्र सूट देत होती, हे त्याचं कारण.

फोनच्या प्रकरणांत आक्षेप चलाखीचा होता. इमेजच्या प्रकरणात बहुतेक वेळा हेतू वाईट नसतो, निष्काळजीपणा असतो. ग्राहकाच्या दृष्टीनं निकाल मात्र एकच. चाचणीतला आकडा आणि रोजचा अनुभव जुळत नाही.

तंत्रज्ञांनी काय करायला हवं?

यात क्रम महत्त्वाचा आहे. बहुतेक चुका क्रम मोडल्यानं होतात.

आधी प्रत्येक प्रकारच्या हार्डवेअरसाठी एक खरं नमुना मशीन निवडावं. प्रोसेसर, रॅम, डिस्क, ग्राफिक्स यांतली एक गोष्ट जरी वेगळी असेल, तर नमुनाही वेगळा धरावा. त्यावर चिपसेट आणि ग्राफिक्सचे अंतिम ड्रायव्हर बसवावेत. सगळी अपडेट पूर्ण करून मशीन रीस्टार्ट करावं आणि थोडा वेळ शांत राहू द्यावं. चार्जर लावावा, पॉवर सेव्हर बंद करावं.

मग त्याच मशीनसमोर बसून, ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून मोजणी करावी. ‘विनसॅट फॉर्मल’ ही आज्ञा पूर्ण चाचणी घेते. तिच्यापुढे ‘रीस्टार्ट क्लीन’ हा पर्याय जोडला, तर आधीचे निकाल बाजूला ठेवून सगळ्या चाचण्या नव्यानं होतात. इमेजसाठी निकाल भरून ठेवायचे असतील, तर ‘विनसॅट प्रीपॉप’. आज्ञा अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या. त्यानंतर डेटास्टोअर फोल्डर उघडून फाइलच्या तारखा पाहाव्यात. तारीख जुनी असेल, तर मोजणी झालेलीच नाही असं समजावं. हे सगळं झाल्यावरच सिसप्रेप चालवून इमेज काढावी.

शेवटची पायरी सर्वात जास्त टाळली जाते. इमेज उतरवल्यावर दोन-तीन मशीन उचलून तपासावीत. पॉवरशेलमध्ये ‘विन ३२ विनसॅट’ या नोंदीची माहिती मागवली, की पाच भागांचे गुण आणि सोबत एक स्थिती क्रमांक दिसतो. १ म्हणजे मोजणी वैध. २ म्हणजे निकाल या हार्डवेअरशी जुळत नाही. ३ म्हणजे मोजणीच उपलब्ध नाही. ४ म्हणजे निकाल अवैध. म्हणजे गुणपत्रिका दुसऱ्याची असेल, तर विंडोज ते सांगू शकतं. फक्त कुणी तरी विचारायला हवं.

क्रमांक २ दिसला, तर त्या मशीनवर चाचणी नव्यानं घेणं हाच साधा आणि खात्रीचा उपाय. ज्या लॅबमध्ये सगळी मशीन वेगवेगळी आहेत, तिथे इमेजमध्ये निकाल भरायच्या भानगडीतच पडू नये. प्रत्येक मशीनवर वेगळी मोजणी करायला काही मिनिटं लागतात, तेवढा वेळ द्यावा.

सेकंडहँड लॅपटॉप घेणाऱ्यानं काय तपासावं?

पहिली गोष्ट म्हणजे विक्रेत्यानं दाखवलेला स्कोअर बाजूला ठेवावा आणि समोरच्याच मशीनवर चाचणी चालवायला सांगावी. विनसॅटच्या गेमिंगच्या गुणाकडे लक्ष देऊ नये. विंडोज १० मध्ये तो अनेक मशीनवर ९.९ असा पैकीच्या पैकी दिसतो, कारण ती चाचणी आता प्रत्यक्षात होतच नाही.

टास्क मॅनेजर उघडून ‘परफॉर्मन्स’ या भागात प्रोसेसरचं नाव, रॅम किती आणि डिस्क एसएसडी आहे की हार्ड डिस्क, हे स्वतः पाहावं. बिलावर लिहिलेल्या माहितीशी ते ताडून घ्यावं. लॅपटॉप असेल, तर कमांड प्रॉम्प्टमधून ‘पॉवरसीएफजी’चा बॅटरी रिपोर्ट काढता येतो. बॅटरी नवी असताना किती क्षमतेची होती आणि आज पूर्ण चार्ज झाल्यावर किती साठवते, हे दोन्ही आकडे त्यात असतात. एसएसडीचं उरलेलं आयुष्य ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’सारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये दिसतं.

‘ए ग्रेड’, ‘बी ग्रेड’ या शब्दांनीही फसू नये. हे ग्रेड बहुतेक वेळा मशीनच्या बाहेरच्या रूपाचे असतात, म्हणजे ओरखडे किती आणि पडद्यावर डाग आहेत का. आतला वेग त्यातून कळत नाही.

विंडोज ११ हवं असेल, तर टीपीएम २.०, सिक्युअर बूट आणि यादीतला प्रोसेसर लागतो. इंटेलचा असेल, तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. स्कोअर कितीही चांगला असला, तरी या अटी पूर्ण न करणारं मशीन अधिकृतपणे विंडोज ११ वर जात नाही.

पुढे काय?

भारतात ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि त्यानुसार रिफर्बिशरनं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी करणं अपेक्षित आहे. जुनं मशीन भंगारात न जाता पुन्हा वापरलं जावं हे पर्यावरणासाठी चांगलं आणि ज्याला नवा लॅपटॉप परवडत नाही त्याच्यासाठी त्याहून चांगलं. पण हा बाजार टिकायचा, तर ग्राहकाला मिळणारी माहिती त्याच मशीनची असायला हवी.

तोवर मोजणी ग्राहकालाच मागून घ्यावी लागेल. दुकानदाराला विचारण्यासारखे प्रश्न तीनच आहेत. हा आकडा कोणत्या मशीनवर काढला? कोणत्या तारखेला? आणि आत्ता, इथे, माझ्यासमोर पुन्हा काढून दाखवाल का? तिसऱ्या प्रश्नाला ‘हो’ म्हणणारा दुकानदार मिळाला, तर पहिल्या दोन प्रश्नांची फारशी गरज उरत नाही.